मराठी पानावर ॲनिमेटेड अकॉर्डियन: पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

प्रश्नावर टॅप केलं की खाली उत्तर हळूच उघडतं, पुन्हा केलं की मिटतं. अकॉर्डियन म्हणजे एवढंच. नवशिके अडतात ते बहुतेक वेळा एकाच जागी, उंचीच्या ॲनिमेशनपाशी, कारण सुरुवातच तिथून केलेली असते. आधी ॲनिमेशनशिवाय नीट चालणारं अकॉर्डियन बनवा आणि मग त्यात हालचाल घाला. हा क्रम पाळलात तर शेवटची पायरी पाच-सहा ओळींत उरकते.

उदाहरणाला इंदूरच्या रामबागेतली एक घरगुती खानावळ घेऊ. तिचे डबे भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या मुलांपासून विजयनगरच्या ऑफिसांपर्यंत जातात आणि तिच्या पानावर पाच प्रश्न आहेत:

- डबा किती वाजता पोचतो?
- कुठल्या भागात देता?
- आठवड्याचा मेनू काय?
- सुट्टी कशी कळवायची?
- उपवासाचं मिळतं का?

पहिलं उत्तर एका ओळीचं. तिसऱ्यात सात ओळींचा तक्ता. चौथ्यात व्हॉट्सॲपची लिंक. अकॉर्डियनमध्ये जे जे बिघडू शकतं ते या तिघांत मिळून बिघडतं, म्हणून सरावाला असाच उंचसखल मजकूर घ्या. पाचही उत्तरं दोन-दोन ओळींची ठेवलीत तर सगळं छान दिसेल आणि खरा मजकूर आला की फसेल.

काय काय लागेल

- व्हीएस कोड आणि त्यातलं लाइव्ह सर्व्हर एक्स्टेन्शन
- क्रोम आणि फायरफॉक्स, दोन्ही
- एखादा साधा अँड्रॉइड फोन, आणि तासाभरासाठी कुणाचा तरी आयफोन
- एचटीएमएल आणि सीएसएसची तोंडओळख, जावास्क्रिप्टमधलं क्लिक पकडता येण्याइतपत ज्ञान
- खरा मराठी मजकूर, लॅटिन डमी मजकूर नाही (का ते सातव्या पायरीत)

जेक्वेरी, बूटस्ट्रॅप यांची गरज नाही. एका अकॉर्डियनसाठी अख्खी लायब्ररी ओढून आणू नका.

टॅग आणि प्रॉपर्टींची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायची. पहिली दोन-तीन अक्षरं टाकली की व्हीएस कोड बाकीचं सुचवतो. क्लासची नावं मात्र मी मराठीत दिली आहेत आणि ती तशीच देवनागरीत लिहिली तरी चालतात. एचटीएमएल आणि सीएसएस दोघांनाही ती मान्य आहेत. मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ एवढं लिहिलेलं हवं. फक्त नुक्त्याचं किंवा ‘ॲ’सारखं अक्षर क्लासच्या नावात घेऊ नका. ‘ऱ’ हे एका कोडनेही लिहिता येतं आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, ब्राउझर मात्र त्यांना वेगळे धरतो आणि स्टाइल लागत नाही.

१. आधी रस्ता ठरवा

रस्ते दोन आहेत.

पहिला: डिटेल्स आणि समरी हे एचटीएमएलचे तयार टॅग. उघडमीट ब्राउझर स्वतः करतो, एक ओळही स्क्रिप्ट लागत नाही, कीबोर्डवरही चालतं. ॲनिमेशन मात्र सगळ्या ब्राउझरांत सारखं दिसत नाही.

दुसरा: स्वतःचं बटन, त्याखाली डिव्ह आणि थोडी जावास्क्रिप्ट. मेहनत जास्त, पण क्रोम, सफारी, फायरफॉक्स सगळीकडे सारखी हालचाल मिळते.

खानावळीच्या पानाला पहिला रस्ता पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. डबा किती वाजता येतो हे बघायला आलेल्या माणसाला उत्तर झटकन उघडलं काय आणि पाव सेकंदात उघडलं काय, सारखंच. ज्यांना हालचाल सगळीकडे हवीच आहे, किंवा हे नोकरीसाठी शिकायचं आहे, त्यांनी दुसरा रस्ताही करावा. लेखाचा बराचसा भाग त्यावरच आहे.

२. सोपा रस्ता: डिटेल्स आणि समरी

प्रत्येक प्रश्नाला एक डिटेल्स. त्याच्या आत सर्वात आधी समरी, त्यात प्रश्न. समरीनंतर जे काही येईल ते उत्तर. एवढ्यावर अकॉर्डियन चालू होतं.

समरीच्या डावीकडचा काळा त्रिकोण नको असेल तर समरीला लिस्ट-स्टाइल नन द्या. समरीला डिस्प्ले फ्लेक्स दिलं तरी त्रिकोण जातो, कारण तो लिस्ट-आयटम असण्यावरच टिकून असतो. ‘त्रिकोण आपोआप कुठे गेला’ हा प्रश्न पडला तर कारण बहुधा हेच असतं.

एक उघडलं की दुसरं मिटायला हवं असेल तर पाचही डिटेल्सना नेम या ॲट्रिब्यूटमध्ये एकच नाव द्या. क्रोम १२० आणि सफारी १७.२ पासून, म्हणजे डिसेंबर २०२३ पासून हे चालतं. फायरफॉक्समध्ये १३० व्या आवृत्तीत आलं, सप्टेंबर २०२४ मध्ये. त्याहून जुन्या ब्राउझरात सगळी उत्तरं स्वतंत्रपणे उघडतात, बिघडत काही नाही.

आता हालचाल. रूटवर (म्हणजे सर्वात बाहेरच्या एचटीएमएल टॅगवर) इंटरपोलेट-साइझ ही प्रॉपर्टी अलाव-कीवर्ड्स अशी ठेवा. मग डिटेल्स-कंटेंट या स्यूडो-एलिमेंटला उंची ० आणि ओव्हरफ्लो क्लिप द्या, आणि डिटेल्सला ओपन लागलं असेल तेव्हा उंची ऑटो. ट्रान्झिशनमध्ये उंचीबरोबर कंटेंट-व्हिजिबिलिटीही लिहा आणि तिच्यापुढे अलाव-डिस्क्रीट हा शब्द लावा. हा शब्द बहुतेक जण विसरतात. तो नसेल तर उत्तर उघडतं हळूच, पण मिटताना मजकूर पहिल्या क्षणालाच गायब होतो आणि रिकामी जागा तेवढी आक्रसत राहते.

इंटरपोलेट-साइझ क्रोममध्ये १२९ पासून आणि डिटेल्स-कंटेंट १३१ पासून आहे. पहिली प्रॉपर्टी ज्याला कळत नाही त्या ब्राउझरात उत्तर एकदम उघडतं. कुणाचं काही अडत नाही, म्हणून हा रस्ता निर्धास्तपणे घेता येतो.

३. दुसरा रस्ता: सांगाडा

प्रत्येक प्रश्नासाठी एकाशेजारी एक दोन गोष्टी हव्यात: मथळा आणि पडदा.

- मथळा म्हणजे एच३. त्याच्या आत बटन, आणि बटनात प्रश्न.
- पडदा म्हणजे ‘पडदा’ क्लासचा डिव्ह. त्याच्या आत ‘घडी’ क्लासचा डिव्ह. घडीच्या आत ‘मजकूर’ क्लासचा डिव्ह, आणि त्यात उत्तर.

एकात एक तीन डिव्ह बघून ‘एक कमी करूया’ असं वाटेल. करू नका. सहाव्या पायरीत तिघांनाही वेगवेगळं काम आहे.

बटन मथळ्याच्या आत जातं. उलटं, म्हणजे बटनाच्या आत एच३, नियमात बसत नाही. मथळा ठेवायचा तो स्क्रीन रीडरवाल्यांसाठी: दृष्टिहीन माणूस पानावर मथळ्यामथळ्याने उड्या मारत जातो, तेव्हा पाचही प्रश्न त्याला ओळीने सापडतात.

बटनाला तीन ॲट्रिब्यूट द्या. टाइप बटन, नाहीतर पानावर फॉर्म असेल तर प्रश्न उघडताना फॉर्मच सबमिट होतो. एरिया-एक्स्पांडेड (रोमनमध्ये aria-expanded) फॉल्स, उत्तर मिटलेलं आहे हे सांगणारं. आणि एरिया-कंट्रोल्स, ज्यात त्या पडद्याचा आयडी. पहिला प्रश्न कॉपी करून खाली चार वेळा पेस्ट करताना आयडी बदलायचे राहतात, आणि मग पाचही बटनं एकाच पडद्याकडे बोट दाखवतात. पेस्ट केल्या केल्या आयडी बदला.

बटन म्हणून क्लिक लावलेला डिव्ह वापरायचा मोह टाळा. दिसायला तो तसाच करता येतो, पण टॅब दाबून त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, एंटर आणि स्पेसने तो उघडत नाही, आणि हे सगळं परत हाताने लिहीत बसावं लागतं.

४. बटनाचा मूळ अवतार बदला

ब्राउझर बटनाला स्वतःचे कपडे घालतो. पहिला दणका फॉन्टचा बसतो: पानाला तुम्ही मुक्ता हा देवनागरी फॉन्ट लावला असेल तरी बटनातला प्रश्न दुसऱ्याच फॉन्टात दिसतो, कारण बटन पानाचा फॉन्ट आपणहून घेत नाही. बटनाला फॉन्ट इनहेरिट लिहा. बॉर्डर आणि पार्श्वभूमी काढा, रुंदी १०० टक्के, मजकूर डावीकडे.

उंची किमान ४४ पिक्सेल ठेवा. डब्ल्यूसीएजी २.२ (वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीचे नियम) ची एए पातळीची अट २४ बाय २४ ची आहे, पण चालत्या सिटी बसमध्ये अंगठ्याने नेमका प्रश्न दाबायचा तर ४४ बरे.

बाणासाठी बटनाला डिस्प्ले फ्लेक्स द्या आणि प्रश्न व बाण दोन टोकांना ठेवा. बाणाला फ्लेक्स-श्रिंक ० हवंच. नाहीतर ‘सुट्टी कशी कळवायची आणि पैसे वळते होतात का?’ असा लांब प्रश्न आला की बाण चेपून रेघेसारखा होतो. बाण एसव्हीजीचा असेल तर त्याला एरिया-हिडन ट्रू लावा. त्रिकोणाचं चिन्ह मजकूर म्हणून टाकलंत तर काही स्क्रीन रीडर प्रश्नाबरोबर ते चिन्हही वाचून दाखवतात.

फोकसची चौकट ‘कुरूप दिसते’ म्हणून आउटलाइन नन करू नका. रंग आवडत नसेल तर फोकस-व्हिजिबलवर आपल्या रंगाची चौकट द्या.

५. उघडमीट, अजून हालचालीशिवाय

प्रश्न उघडा आहे की मिटलेला, ही माहिती एकाच जागी ठेवा: बटनाच्या एरिया-एक्स्पांडेडमध्ये. स्क्रिप्टने फक्त तेवढंच बदलायचं. पडदा काय करेल ते सीएसएस त्यावरून ठरवेल. पडद्याला वेगळा ‘उघडा’ क्लास लावायला गेलात की दोन ठिकाणची माहिती कधी ना कधी एकमेकींशी भांडते: डोळ्यांना उत्तर उघडं दिसतं आणि स्क्रीन रीडर ‘मिटलेलं’ म्हणतो.

सीएसएसमध्ये निवड अशी करायची: ज्या एच३ मध्ये एरिया-एक्स्पांडेड ट्रू असलेलं बटन आहे, त्याला लागून येणारा पडदा. यासाठी हॅझ (:has) हा सिलेक्टर लागतो. तो सफारीत १५.४ पासून, क्रोममध्ये १०५ पासून आणि फायरफॉक्समध्ये १२१ पासून आहे, त्यामुळे आता बिनधास्त वापरता येतो.

स्क्रिप्टचा क्रम:

- पाचही प्रश्नांना गुंडाळणाऱ्या बाहेरच्या डिव्हवर एकच क्लिक लिसनर लावा.
- क्लिक नेमकं कशावर झालं ते घ्या आणि क्लोझेस्टने त्यावरून बटन शोधा. बोट बाणावर पडलं असेल तर क्लिकचं लक्ष्य एसव्हीजी असतं, बटन नसतं. थेट लक्ष्यावर विसंबलात तर प्रश्नावर टॅप केलं की चालतं आणि बाणावर केलं की ढिम्म.
- बटन सापडलं नाही तर परत फिरा.
- एरिया-एक्स्पांडेडची किंमत वाचा, ‘ट्रू’ या शब्दाशी तुलना करा, आणि उलट किंमत लिहा.

शेवटच्या ओळीत एक सापळा आहे. ॲट्रिब्यूटची किंमत नेहमी मजकूर म्हणून मिळते, आणि जावास्क्रिप्टच्या लेखी ‘फॉल्स’ हा मजकूर रिकामा नाही, म्हणजे खराच. तुलना न करता नुसतं उद्गारचिन्ह लावून उलटवलंत तर दरवेळी फॉल्सच लिहिलं जातं आणि प्रश्न कधीच उघडत नाही. कन्सोलमध्ये एकही एरर दिसत नाही, त्यामुळे शोधायलाही वेळ लागतो.

तपासण्यापुरतं मिटलेल्या पडद्याला डिस्प्ले नन द्या. टॅब, एंटर, स्पेस आणि टॅप, चारही चालतात का बघा. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६. हालचाल

उंची ० पासून ऑटोपर्यंत ट्रान्झिशन लावून बघा: काहीही हलत नाही. ऑटो हा आकडा नाही, त्यामुळे मधले टप्पे काढायचे कशाचे, हे ब्राउझरला ठरवता येत नाही. (दुसऱ्या पायरीतली इंटरपोलेट-साइझ नेमकी हीच अडचण काढायला आली.)

जुना जुगाड मॅक्स-हाइटचा. मिटलेलं असताना ०, उघडं असताना ‘पुरेल इतकं’, समजा १००० पिक्सेल. त्याचा हिशेब करून बघा. उत्तराची खरी उंची १२० पिक्सेल, वेळ ३०० मिलिसेकंद, गती एकसारखी. उघडताना १२० पिक्सेल ३६ मिलिसेकंदांतच होऊन जातात, म्हणजे डोळ्यांना झटका दिसतो. मिटताना मर्यादा १००० वरून १२० वर येईपर्यंत पहिले २६४ मिलिसेकंद काहीच होत नाही. माणसाला वाटतं टॅप लागलाच नाही. तो पुन्हा टॅप करतो आणि उत्तर परत उघडतं. शिवाय मेनूचा तक्ता अरुंद फोनवर १००० पिक्सेलच्या पुढे गेला तर शनिवार-रविवारचं जेवण कापलं जातं आणि कुणाला कळतही नाही.

दुसरा जुना मार्ग म्हणजे स्क्रोलहाइटने उंची मोजून पिक्सेलमध्ये लिहायची. तो चालतो, पण एकदा लिहिलेला आकडा गोठून बसतो. फोन आडवा केला, अक्षरं मोठी केली, मराठी फॉन्ट उशिरा उतरला, की खरी उंची बदलते आणि आकडा तोच राहतो.

आज यापेक्षा बरा मार्ग ग्रिडचा आहे. ग्रिडच्या ओळींचं ट्रान्झिशन क्रोममध्ये १०७ पासून चालतं; सफारी आणि फायरफॉक्सच्या सध्याच्या आवृत्त्यांतही चालतं.

- पडद्याला डिस्प्ले ग्रिड, ग्रिड-टेम्प्लेट-रोज ०एफआर (एफआर म्हणजे ग्रिडमधला वाटा मोजायचं एकक), आणि त्याच प्रॉपर्टीवर २५० मिलिसेकंदांचं ट्रान्झिशन, ईज-आउट. पाचव्या पायरीतला डिस्प्ले नन काढून टाका.
- उघड्या पडद्याला ग्रिड-टेम्प्लेट-रोज १एफआर.
- घडीला ओव्हरफ्लो हिडन.
- मजकुराला पॅडिंग.

०एफआर आणि १एफआर हे दोन्ही आकडे असल्यामुळे मधले टप्पे निघतात, आणि १एफआर म्हणजे किती पिक्सेल हे दर वेळी मजकुरावरून ठरतं. फोन आडवा करा, फॉन्ट बदला, ते आपोआप जुळतं.

आता तीन डिव्ह का ते बघा. घडीलाच वर-खाली १६-१६ पिक्सेल पॅडिंग दिलंत तर मिटल्यावरही ३२ पिक्सेलची पट्टी उरते, कारण कोणतीही पेटी स्वतःच्या पॅडिंगपेक्षा लहान होत नाही. प्रत्येक प्रश्नाखाली रिकामी फट दिसत असेल तर ती हीच. पॅडिंग आतल्या मजकुराला द्या, फट जाईल. घडीची बॉर्डरही त्याच कारणाने उरते.

ओव्हरफ्लो हिडनऐवजी क्लिप वापरलंत तर घडीला मिन-हाइट ० वेगळं लिहावं लागतं. हिडनमध्ये ते आपसूक होतं.

एवढ्यावर डोळ्यांचं समाधान होतं, पण टॅब दाबत गेलात तर फोकस मध्येच गायब होतो. तो चौथ्या प्रश्नाच्या मिटलेल्या उत्तरातल्या व्हॉट्सॲप लिंकवर गेलेला असतो. उंची शून्य झाली म्हणजे लिंक नाहीशी होत नाही. म्हणून घडीला व्हिजिबिलिटी हिडन आणि उघड्या पडद्यातल्या घडीला व्हिजिबल द्या, आणि व्हिजिबिलिटीलाही तेवढंच, २५० मिलिसेकंदांचं ट्रान्झिशन लावा. ते लावलं की मिटताना मजकूर शेवटच्या क्षणापर्यंत दिसत राहतो आणि मग लिंक टॅबच्या वाटेतून निघते. न लावलं तर मजकूर आधी उडतो आणि रिकामी पेटी मागून मिटते.

बाणाला उघडं असताना १८० अंश फिरवा, त्याच वेळात. वेळ २०० ते ३०० च्या दरम्यान ठेवा. ४०० च्या पुढे गेलात की पान जड वाटायला लागतं, आणि रोज मेनू बघणारा माणूस तिसऱ्या दिवशी वैतागतो.

उत्तरात फोटो असेल (थाळीचा फोटो टाकायचा मोह होणारच) तर इमेज टॅगमध्ये विड्थ आणि हाइट लिहा. नाहीतर पडदा फोटोशिवायच्या उंचीवर उघडतो आणि फोटो उतरला की एकदम धाडकन वाढतो.

७. देवनागरीची काळजी

इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणं इंग्रजी मजकुरावर बेतलेली असतात, आणि त्यांतलं लाइन-हाइट १.२ तसंच उचललं की मराठीची अक्षरं कापली जातात. घडीला ओव्हरफ्लो हिडन आहे, म्हणजे पेटीबाहेर डोकावणारं सगळं छाटलं जाणार. आपल्या लिपीत वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक येतात आणि खाली उकार-ऋकार लोंबतात. तपासायला हे वाक्य उत्तराची पहिली आणि शेवटची ओळ म्हणून टाका:

कृपया गुरुवारपूर्वी सुट्टी कळवा. दर्शनार्थींसाठी उपवासाचं वेगळं.

‘र्थीं’चा अनुस्वार आणि ‘कृ’ची शेपटी पूर्ण दिसते का बघा. लाइन-हाइट १.६ ते १.८ आणि मजकुराला खाली किमान ८ पिक्सेल पॅडिंग दिलं की सहसा प्रश्न मिटतो. प्रश्नाच्या बटनालाही ओव्हरफ्लो हिडन लावून तीन टिंबं आणायचा प्रकार करू नका. लांब प्रश्न दोन ओळींत जाऊ द्या.

लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा. इंग्रजी मथळ्यांना ते शोभतं. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि अक्षरं सुटी सुटी पडतात.

एचटीएमएल टॅगला लँग एमआर लावा. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात, ते यामुळेच दिसतात, आणि स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडतो. इंदूरच्या पानावर एखादं उत्तर हिंदीत असणं साहजिक आहे, भंवरकुआँच्या सगळ्याच मुलांना मराठी येतं असं नाही. त्या उत्तराच्या डिव्हला वेगळं लँग एचआय द्या. लिपी एकच असल्यामुळे ब्राउझरला भाषा आपोआप ओळखता येईल या भरवशावर राहू नका.

८. ‘एका वेळी एकच उघडं’ हवं का?

बहुतेकदा नको. फोनवर मेनूचा ६०० पिक्सेलचा तक्ता उघडा आहे आणि माणसाने त्याखालचा ‘सुट्टी कशी कळवायची?’ दाबला, असं धरा. वरचा तक्ता मिटला की खालचं सगळं ६०० पिक्सेल वर सरकतं, आणि ज्या प्रश्नावर बोट होतं तोच स्क्रीनच्या बाहेर जाऊ शकतो. माणूस वर-खाली शोधत बसतो. शिवाय मेनू आणि उपवासाचं उत्तर शेजारी शेजारी बघायचं असेल तर ते होत नाही.

गिऱ्हाइकाचा हट्टच असेल तर स्क्रिप्टमध्ये बाकीच्या बटनांना फॉल्स लिहा, आणि हालचाल संपल्यावर दाबलेलं बटन दिसतंय का तपासून नसेल तर स्क्रोल-इंटू-व्ह्यूने आत आणा, ब्लॉक निअरेस्ट देऊन. हालचाल संपल्याचा ट्रान्झिशनएंड इव्हेंट प्रत्येक प्रॉपर्टीला वेगळा येतो आणि आतून वरही चढत येतो. बाण, व्हिजिबिलिटी, ग्रिड सगळ्यांचा. प्रॉपर्टीचं नाव तपासल्याशिवाय त्यावर काम करू नका. आणि पुढच्या पायरीत हालचाल बंद केली की तो येतच नाही, तेव्हा महत्त्वाचं कुठलंच काम त्याच्यावर टांगून ठेवू नका.

९. ज्यांना हालचाल नको, ज्यांना छापून हवं, ज्यांना लिंक हवी

काहींना सरकत्या गोष्टींनी गरगरतं, आणि त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये ॲनिमेशन बंद केलेलं असतं. सगळी ट्रान्झिशन्स प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन या मीडिया क्वेरीत नो-प्रेफरन्सच्या आत लिहा. मग ॲनिमेशन बंद ठेवणाऱ्यांना उत्तर एकदम उघडतं, बाण एकदम फिरतो.

हॉस्टेलच्या भिंतीवर मेनू छापून लावणारे असतातच. प्रिंटच्या मीडिया क्वेरीत सगळ्या पडद्यांना १एफआर, घडीला व्हिजिबल, आणि बाण गायब. नाहीतर कागदावर नुसते पाच प्रश्न छापले जातात.

‘मेनू इथे बघ’ म्हणून व्हॉट्सॲपवर थेट त्या प्रश्नाची लिंक पाठवता यावी म्हणून प्रत्येक बटनाला आयडी द्या. पान उघडताना, आणि हॅश बदलल्यावरही, पत्त्यातला हॅश (# नंतरचा भाग) वाचा. त्या आयडीचं बटन असेल तर त्याला ट्रू लिहा. वर चिकटून राहणारी पट्टी असेल तर बटनाला स्क्रोल-मार्जिन-टॉप तिच्या उंचीइतकं द्या, नाहीतर प्रश्न तिच्याखाली दडतो.

स्क्रिप्ट उतरलीच नाही तर दुसऱ्या रस्त्यात उत्तरं कायमची मिटलेली राहतात. उपाय छोटा आहे: मिटवायचे नियम रूटवर ‘चालू’ हा क्लास असेल तरच लागू होतील असे लिहा, आणि हेडमध्ये एका ओळीच्या स्क्रिप्टने तो क्लास लावा. ती ओळ हेडमध्येच हवी. पानाच्या शेवटी टाकलीत तर सगळी उत्तरं आधी उघडी दिसतात आणि मग एकदम मिटतात. हा उपाय जावास्क्रिप्ट बंद असलेल्यांसाठी पुरतो. मुख्य फाइलच अडकली तर काय, याची चिंता असेल तर अकॉर्डियनची स्क्रिप्टही पानातच लिहा. वीस-पंचवीस ओळींपलीकडे ती जात नाही.

१०. फोनवर तपासा

लाइव्ह सर्व्हर साधारणपणे ५५०० या पोर्टवर चालतो. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर ठेवा, फोनच्या ब्राउझरात लॅपटॉपचा आयपी पत्ता, कोलन (:) आणि ५५०० टाका. पान उघडलं नाही तर बहुधा विंडोजची फायरवॉल आड येते. खाजगी नेटवर्कसाठी परवानगी द्या.

मग याच क्रमाने बघा:

- एकच प्रश्न भराभर चार-पाच वेळा दाबा. पडदा मध्येच अडकता कामा नये. ग्रिडच्या मार्गात तो असेल तिथून उलटा फिरतो.
- मेनू उघडा ठेवून फोन आडवा करा. तक्ता पूर्ण दिसायला हवा.
- फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं सर्वात मोठी करा. बाण चेपला का, प्रश्न कापला का?
- टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) चालू करून प्रश्नावर या. प्रश्न, ‘बटन’ आणि मिटलेलं असल्याचं सांगितलं पाहिजे. दोनदा टॅप केल्यावर उघडल्याचं.
- क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये रेंडरिंग पॅनेलमधून रिड्यूस्ड मोशन चालू करून एकदा सगळं परत दाबून बघा.
- नेटवर्क पॅनेलमध्ये वेग थ्रीजीवर आणून पान नव्याने उघडा आणि फॉन्ट उतरायच्या आत मेनू उघडा. फॉन्ट बदलताना शेवटची ओळ कापली जाते का, ते इथेच कळतं.
- आयफोन हाताशी असेल तर शेवटी सफारीत लिंकवरून आलेला प्रश्न आपोआप उघडतो का, तेवढं पाहा.